लेकीचं ‘मायनर’: इंजिनिअरिंगच्या कॉलेजात नवीन काय आलंय?

आज बचतीचा हिशोब थोडा बाजूला ठेवू आणि एका शब्दाबद्दल बोलू. शब्द आहे ‘मायनर’. तसा तो आपल्याला नवा नाही. बँकेत लेकराच्या नावानं खातं उघडायला गेलं की फॉर्मवर ‘मायनर’ लिहितात, म्हणजे अठराच्या आतलं, अज्ञान. पैठण-अंबडकडच्या बायकांना कालव्याचं मायनर माहीत आहे, मोठ्या कालव्यातून फुटून शिवाराकडं जाणारी छोटी शाखा. आता तिसरं मायनर आपल्या घरात आलंय आणि ते आणलंय इंजिनिअरिंगला गेलेल्या लेकीनं.

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांत आम्हाला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. “ताई, पोरगी म्हणते एआयचं मायनर घेते. घेऊ द्यावं का? किती पैसे लागतील? गटातून कर्ज मिळेल का?” आम्ही स्वतः बी.ए. झालेल्या. मशीन आणि संगणकाचं शिक्षण काही घेतलेलं नाही. पण सरकारचा कागद वाचता येतो आणि कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारायची लाज वाटत नाही. तेवढ्या भांडवलावर जे समजलं ते सांगतो.

कापसाच्या रानात आपण तुरीचे तास घेतो. कापूस मुख्य पीक आणि तूर आंतरपीक. रान तेच आणि मशागतही बरीचशी तीच, पण कापसाचा भाव पडला तरी तूर हाताशी असते. इंजिनिअरिंगमध्ये ज्या शाखेत प्रवेश मिळतो, म्हणजे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा कॉम्प्युटर, ते मुख्य पीक. त्याला ‘मेजर’ म्हणतात. त्याच चार वर्षांत दुसऱ्या शाखेचे ठरावीक विषय शिकले तर ते मायनर. कॉम्प्युटरची मुलगी व्यवस्थापन किंवा अर्थकारणाचे विषय घेऊ शकते आणि सिव्हिलची मुलगी कॉम्प्युटरचे घेऊ शकते. नेमके कोणते मायनर मिळतील, हे त्या त्या कॉलेजात शिकवणारे कोण आहेत त्यावर ठरतं.

याच्या जोडीला ‘ऑनर्स’ हा शब्द येतो आणि तिथं बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. ऑनर्स म्हणजे दुसरं पीक नाही. आपल्याच कापसाला ठिबक करायचं, म्हणजे आपल्याच शाखेत आणखी खोल शिकायचं. कॉम्प्युटरच्या मुलीनं सायबर सुरक्षेचे जादा विषय घेतले तर ते ऑनर्स.

मेजर-मायनर ही पद्धत मुळात अमेरिकेतल्या विद्यापीठांची. आपल्याकडं आयआयटीसारख्या संस्थांत ती काही वर्षांपासून आहे. पुढं एआयसीटीई या केंद्राच्या परिषदेनं इतर इंजिनिअरिंग कॉलेजांनाही वाट करून दिली. मुलांनी १८ ते २० क्रेडिट जादा मिळवले तर पदवीवर मायनर किंवा ऑनर्स लिहून मिळेल, असं ठरलं. त्यासाठी विषयही सुचवले: एआय आणि मशीन लर्निंग, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, रोबोटिक्स, इंटरनेट ऑफ थिंग्ज असे. पण तेव्हा हे मनावर होतं. हुशार मुलं घेत, बाकीच्यांना पत्ताही नसे.

खरा बदल महाराष्ट्रात झाला तो नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर. ज्या कॉलेजांना स्वायत्तता आहे तिथं २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांना जोडलेल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून मायनर हा पदवीचाच भाग झाला. त्याचं पूर्ण नाव ‘मल्टिडिसिप्लिनरी मायनर’, म्हणजे आंतरशाखीय मायनर. त्याला १४ क्रेडिट ठरवले आहेत आणि ते चार वर्षांच्या १६० ते १७६ क्रेडिटमध्येच धरलेले आहेत. म्हणजे हे मायनर तुमच्या लेकीला घ्यायचंच आहे. कोणतं घ्यायचं एवढंच तिच्या हातात. “मायनरसाठी वेगळे पैसे भरा” असं कुणी सांगत असेल तर आधी कान टवकारा आणि हे पदवीतलं मायनर आहे की आणखी काही, ते विचारा.

ज्यांना याहून जास्त हवं आहे त्यांनी १८ क्रेडिट जादा मिळवायचे. त्यात ऑनर्स, संशोधनासह ऑनर्स किंवा दुसरं मायनर, असे पर्याय आहेत. हे मात्र सक्तीचं नाही.

क्रेडिट म्हणजे काय, तेही सांगतो. वर्गातल्या शिकवण्याचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट, आणि प्रयोगशाळेत काम असेल तर ३० तास. त्या हिशोबानं १४ क्रेडिट म्हणजे निदान २१० तास आणि जादाचे १८ म्हणजे आणखी २७० तास. हे सगळे क्रेडिट ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ नावाच्या खात्यात जमा होतात. बँक म्हटलं तरी तिथं पैसे नसतात. आपल्या बचतीच्या पासबुकात जसं महिन्याला किती जमा झालं ते दिसतं, तसं तिथं शिक्षण किती जमा झालं ते दिसतं. लेकीला तिचं खातं उघडून दाखवायला सांगा. त्या निमित्तानं तुम्हालाही कळेल गाडी कुठवर आलीय.

आता प्रवेशाच्या वेळी घराघरात जे होतं त्याबद्दल. बारावीनंतर सीईटी होते, मग कॅपच्या फेऱ्या सुरू होतात. सगळ्या घराला हवी असते कॉम्प्युटरची शाखा. वैजापूर तालुक्यातल्या एका गटातल्या ताईंच्या लेकीला एका सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलची जागा लागली. वडील म्हणाले, “इलेक्ट्रिकल म्हणजे वायरमनचं काम, पोरीनं खांबावर चढायचं का?” तेवढ्यात एक मध्यस्थ घरी आला. खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळवून देतो, फक्त इतके लाख लागतील, म्हणाला. ताईंनी अर्धा एकर गहाण ठेवायची तयारी केली होती.

आम्ही त्यांच्यासोबत बसून दोन रकाने मांडले. इकडं सरकारी कॉलेजची फी आणि इलेक्ट्रिकलची पदवी, सोबत कॉम्प्युटरचं मायनर. तिकडं गहाण जमीन आणि नुसती कॉम्प्युटरची पदवी. शिवाय एक गोष्ट त्या मध्यस्थानं सांगितलीच नव्हती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. पण ही माफी कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की ती गेली. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. त्याही महाडीबीटीवरूनच भराव्या लागतात.

मुलीनं इलेक्ट्रिकल घेतलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉम्प्युटरचं मायनर चालू आहे. सगळं गोड गोड सांगणार नाही. पहिल्या चाचणीत त्याच विषयात तिला सगळ्यात कमी गुण पडले. वर्गात कॉम्प्युटरचीच सवय असलेली मुलं पुढं पळतात आणि ही रात्री जागून त्यांना गाठते.

काय शिकते ती? घाबरू नका, आपल्या ओळखीचंच आहे. आपल्या गटात सभासदांचं रजिस्टर वेगळं, बचतीचं वेगळं आणि कर्जाचं वेगळं. तिन्हीत सभासद क्रमांक तोच. त्या क्रमांकावरून आपण शोधतो की सात नंबरच्या मावशींची बचत किती आणि बाकी किती. संगणकात हीच रजिस्टरं लाखो सभासदांची ठेवली आणि क्षणात शोधता आली, तर त्याला डेटाबेस म्हणतात. दहा वर्षांची कर्जफेड पाहून पुढचा हप्ता कोणाचा थकू शकतो याचा अंदाज यंत्राला काढायला शिकवलं, तर ते मशीन लर्निंग. आपल्या अध्यक्षबाई हे तोंडपाठ करतात, तो भाग वेगळा. आणि हे एमएस-सीआयटीसारखं नाही बरं का. एमएस-सीआयटीत संगणक वापरायला शिकवतात, इथं संगणकाला काम सांगायला शिकवतात.

आपल्या जिल्ह्यात हे जोडपीक का उपयोगी पडेल, ते बघा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. त्याच्याभोवती सुटे भाग करणारे किती कारखाने उभे राहिले ते आपल्याच भावकीतल्या पोरांना विचारा. शेंद्रा आणि बिडकीनला ऑरिकची वसाहत झाली. २०२४ मध्ये विजेच्या स्कूटर करणाऱ्या एथर कंपनीनं आणि टोयोटा किर्लोस्करनं इथं प्रकल्प जाहीर केले. विजेच्या गाडीत मोटर आणि बॅटरी असते, ती इलेक्ट्रिकलची बाजू. पण बॅटरी किती तापली आणि किती उरली हे सांगणारा प्रोग्रामही असतो. दोन्ही समजणारी मुलगी तिथं उजवी ठरू शकते. शेतीतही तेच आहे. राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीत एआय वापरण्याचं धोरण मंजूर केलं. कपाशीवरची बोंडअळी फोटोवरून ओळखणारं ॲप करायचं तर प्रोग्राम लिहिणारीला बोंडअळीही ओळखता आली पाहिजे. आपल्या लेकींना ती ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही.

पण मायनरनं सगळं होतं असंही समजू नका. मायनर म्हणजे दुसरी पदवी नव्हे. जलसंपदा किंवा बांधकाम खात्यातल्या इंजिनिअरच्या सरकारी जागांना मूळ शाखा पाहतात. कॉम्प्युटरची मुलगी सिव्हिलचं मायनर दाखवून तिथं जाऊ शकणार नाही. काही कंपन्या मुलाखतीला फक्त कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना बोलावतात, काही सगळ्या शाखांना बोलावतात. तेव्हा कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसात जाऊन सरळ विचारायचं की गेल्या वर्षी इतर शाखांच्या किती मुलींना संगणकाच्या कामावर घेतलं. उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समजून घ्यायचं. पुढच्या शिक्षणाचं दार मात्र उघडं राहतं. एम.टेक.साठीची ‘गेट’ परीक्षा दुसऱ्या शाखेची मुलगीही कॉम्प्युटरच्या पेपरला बसून देऊ शकते, आणि २०२४ पासून त्यात डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आलाय.

शहरात कॉलेजं बरीच आहेत. १९६० सालचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ते स्वायत्त आहे. सिडकोतलं एमजीएमचं जेएनईसी, बीड बायपासचं एमआयटी, देवगिरी, नागसेनवनातलं पीईएस, कांचनवाडीचं छत्रपती शाहू कॉलेज, ही नावं आपल्या कानावरची. मराठवाड्यातली पुष्कळ कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. प्रत्येक ठिकाणी मायनरची यादी वेगळी. म्हणून कॅपचा पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजच्या नावापुढं तिथल्या मायनरची यादीही लिहून ठेवा. माहितीपुस्तिकेत नसेल तर विभागप्रमुखांना भेटा. हा आमचा आग्रहच आहे, कारण एकदा जागा लागली की यादी वाचून उपयोग नाही.

ऑनर्सच्या जादा तासांबद्दल एक अडचण फक्त आपल्याच मुलींची आहे. हे तास बऱ्याचदा कॉलेज सुटल्यावर किंवा शनिवारी ठेवतात. शहरातली मुलगी सात वाजता स्कूटीवर घरी जाते. आपली फुलंब्रीची किंवा गंगापूरची मुलगी शेवटच्या एसटीकडं डोळे लावून बसलेली. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट होता, तोही कॉलेजात नाही. महिलांना अर्धं तिकीट आणि विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे, पण बसच नसेल तर पास कुठं दाखवायचा? म्हणून मुलगी ऑनर्स म्हणाली की पहिला प्रश्न तासांच्या वेळेचा विचारा. वसतिगृहाची सोय होत नसेल तर सक्तीचं मायनर मन लावून करणं पुरे आहे. ऑनर्स नाही घेतलं म्हणून पदवी अर्धी होत नाही. काही ठिकाणी ऑनर्सला गुणांची अट असते, विषय राहिलेला चालत नाही, आणि शुल्कही वेगळं असू शकतं. ते आधी विचारून घ्या.

आता पैशाचं. ज्यासाठी हे बोलणं काढलं तो मुद्दा हाच. सध्या शहरात चौकाचौकात फलक दिसतात: एआय शिका, शंभर टक्के नोकरी. त्यातले काही क्लास चांगलेही असतील. पण एका गटात साठ हजारांच्या कर्जाचा अर्ज आला, कारण मुलीला ‘एआय मायनर’ करायचं होतं. कागद मागवला तर ते एका खासगी क्लासचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र निघालं. मुलीच्या विद्यापीठाशी त्याचा काही संबंध नव्हता. गटानं कर्ज दिलं असतं तर महिना दोन टक्क्यानं व्याजच बाराशे रुपये झालं असतं, मुद्दल वेगळं. वर्षभर मुद्दल तसंच राहिलं तर नुसत्या व्याजाचे चौदा हजार चारशे.

ओळखायचं कसं? खरं मायनर विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या गुणपत्रिकेवर येतं, त्याचे क्रेडिट लेकीच्या खात्यात जमा होतात आणि त्याचे पैसे असतील तर कॉलेजच्या खात्यात पावती घेऊन भरतात. यातलं एकही नसेल तर तो क्लास आहे. क्लास वाईट असं नाही, पण क्लासला क्लासचीच किंमत द्या. खासगी कॉलेजांची फीसुद्धा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. त्यावर देणगी घ्यायला बंदी करणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे. पावतीविना पैसे मागणारा माणूस कितीही गोड बोलला तरी तो कायद्याच्या बाहेर उभा आहे.

चार वर्षांच्या शिक्षणासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आम्हाला योग्य वाटत नाही. गटाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि मुलगी कमवायला लागते चार वर्षांनी. बँकेचं शैक्षणिक कर्ज शिक्षण संपून वर्षभर गेल्यावर फेडायला लागतं आणि चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. शिवाय एआयसीटीईची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. वर्षाला ५० हजार रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुली तिच्यासाठी अर्ज करू शकतात.

गटाचं छोटं कर्ज मात्र एका ठिकाणी चपखल बसतं. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून एनपीटीईएल चालवतात, ते अभ्यासक्रम ‘स्वयम्’वर असतात. व्हिडिओ पाहणं आणि शिकणं फुकट. परीक्षा द्यायची असेल तर एका विषयाला साधारण हजार रुपये. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा अभ्यास, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. मायनर किंवा ऑनर्सचे काही क्रेडिट असे मिळवायला बरीच कॉलेजं परवानगी देतात, पण कोणता विषय चालेल ते आधी लेखी विचारून घ्यायचं. घरी राहून शिकता येत असल्यानं शेवटच्या एसटीचा प्रश्नही सुटतो. हजार रुपये गटातून घेतले तर दोन हप्त्यांत फिटतात.

आणखी एक रस्ता आहे. आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही, त्यांचीच पात्रता परीक्षा असते. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, त्यामुळं इथलं कॉलेज करता करता ती करता येते. टप्प्याटप्प्यानं प्रमाणपत्र, डिप्लोमा आणि पदवी मिळते, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना फीत मोठी सवलत आहे. पण इंजिनिअरिंगच्या जोडीला ते पेलणं सोपं नाही. मुलगी स्वतः मागत असेल तरच द्या, शेजारणीची करते म्हणून नको.

नव्या पद्धतीत मधूनच बाहेर पडायचीही सोय आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर बी.व्होक.सारखी पदवी. त्यासाठी कौशल्याचं थोडं जादा काम करावं लागतं. क्रेडिट सात वर्षांपर्यंत खात्यात राहू शकतात, म्हणजे परत येऊन पुढं शिकता येतं. आजारपण आलं, घरात कुणी गेलं, तर ही सोय मोलाची. पण एका बैठकीत एक काका म्हणाले, “मग बरंच झालं, दोन वर्षांत डिप्लोमा होतो, तिसऱ्या वर्षी स्थळ पाहू.” त्यावर त्यांच्याच सुनेनं विचारलं, “मामंजी, पोराला दोन वर्षांत काढलं असतं का?” काकांनी पान लावायला घेतलं.

हे ऐकून ज्या घरात यंदा बारावी आहे त्यांनी कागद आत्ताच जमवायला घ्या. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तर जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, मुलीच्या नावाचं आधारला जोडलेलं बँक खातं. निकालानंतर तहसीलमध्ये रांग लागते आणि सर्व्हर बसतो. पडताळणीला तर महिने जातात. गेल्या वर्षी ज्यांनी फेब्रुवारीत अर्ज दिले, त्यांना जूनमध्ये कुठंही धावावं लागलं नाही. यादी लिहून घ्यायची असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीत वही घेऊन या, आणि लेकीलाही सोबत आणा.